जाताना आठ तास, येताना सात: विमानाचं अंतर आणि वेळ नक्की ठरतात तरी कसे

मध्यंतरी एका मित्राने विचारलं, की अंतर तेवढंच, विमान तेच, कंपनी तीच, मग जाताना आठ तास आणि येताना सात असं कसं काय, परतीला पायलट जोरात हाणतो का? हसू नका, प्रश्न एकदम रास्त आहे. आपण नेटवर दोन एअरपोर्टची नावं टाकतो, साइट फटकन सांगते इतके किलोमीटर, इतके तास, आणि आपल्याला वाटतं दोन्ही आकडे एकाच दर्जाचे आहेत. तसं नाहीये. किलोमीटरचा आकडा पक्का असतो, तासांचा आकडा म्हणजे अंदाज, तोही कधीकधी बराच ढोबळ.

आधी अंतराचं बघू.

नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरं जोडली की झाली सरळ रेषा, असं आपल्याला शाळेपासून वाटतं. पण पृथ्वी गोल, नकाशा सपाट. संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायला गेलात तर ती फाटते तरी नाहीतर ताणली तरी जाते, नकाशाचंही तेच. आपण सगळीकडे बघतो तो भिंतीवरचा नकाशा मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ साली काढलेल्या पद्धतीचा, आणि तो ध्रुवांकडचे भाग बेसुमार ताणतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट मोठी आहे. अशा नकाशावर मारलेली सरळ रेषा खरी सरळ कशी असणार.

घरात पृथ्वीगोल असेल तर हातात घ्या आणि एक दोरा घ्या. उदाहरणाला माद्रिद आणि न्यूयॉर्क घेऊ, कारण ही जोडी मजेशीर आहे, दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेचाळीस अंश उत्तरेच्या आसपास. म्हणजे नकाशावर बघाल तर एक नाकासमोर पश्चिमेला, उत्तर नाही दक्षिण नाही. आता दोऱ्याचं एक टोक माद्रिदवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा त्या आडव्या अक्षांशाच्या रेषेवर राहतच नाही, वर उत्तरेला सरकतो आणि मध्यावर साधारण ४६ अंशांपर्यंत चढतो. आडव्या रेषेने गेलात तर साधारण ५,९४० किमी पडतात, ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने ५,७७० च्या आसपास. नकाशावर जी वाट वाकडी दिसते ती पावणेदोनशे किलोमीटरनी जवळची निघते! भूगोलाच्या पुस्तकात यालाच बृहद्वृत्त म्हणायचे, परीक्षेत एका मार्काला यायचं आणि आपण पाठ करून मोकळे व्हायचो, ते विमानांच्या कामाचं आहे हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

जितकं उत्तरेकडे आणि जितकं लांब, तितका हा फरक वाढत जातो. टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारी जवळची वाट पॅसिफिकच्या मधोमध जात नाही, अलास्कावरून जाते. दुबई ते लॉस एंजेलिस तर जवळपास उत्तर ध्रुवाकडूनच जायचं. पहिल्यांदा सीटसमोरच्या स्क्रीनवर हे बघितलं की माणसाला वाटतं, अरे हे कुठे नेतायत.

साइटवाले दोरा घेऊन बसत नाहीत अर्थातच. प्रत्येक एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात, त्यावरून पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन्ही ठिकाणांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते काढायचं. एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किमी, गुणाकार केला की अंतर आलं. माद्रिद-न्यूयॉर्कचा कोन ५२ अंशांना थोडा कमी येतो, करून बघा. विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात तोही इथूनच आला, एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किमी. आपला रस्त्यावरचा मैल १.६०९ किमीचा. कुठल्या साइटवर नुसतं मैल लिहिलं असेल तर कुठला मैल हे आधी बघा, नाहीतर हिशेब पंधरा टक्क्यांनी गंडतो.

आणि हो, दोन साइट दोन वेगळे आकडे दाखवतात म्हणून गोंधळू नका. पृथ्वी पूर्ण गोल नाही, मधे जरा फुगलेली आहे, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवापाशी ६,३५७. कोणी सरळ ६,३७१ चा गोळा धरून हिशेब करतं, कोणी फुगवटा धरून करतं, त्यात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. याहून मोठी चूक वेगळीच असते. शहर ते शहर अंतर बघितलं आणि विमान मात्र दुसऱ्याच एअरपोर्टवर उतरलं. टोकियोचे नरिता आणि हानेदा एकमेकांपासून साठेक किलोमीटरवर आहेत. आणि नावातच घोळ झाला तर मग विचारू नका, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या सिडनीला जाऊन पोचल्याच्या खऱ्या घटना आहेत. म्हणून नावापेक्षा तीन अक्षरी कोड बघायची सवय लावा.

जाता जाता एक. पृथ्वीचा घेर ४० हजार किमीच्या आसपास, म्हणजे कुठलेही दोन एअरपोर्ट घ्या, ते एकमेकांपासून २० हजार किमीपेक्षा लांब असूच शकत नाहीत. माद्रिदच्या बरोब्बर पाठीमागे न्यूझीलंड येतं.

आता वेळ. इथे खरी मजा आहे.

बऱ्याच कॅल्क्युलेटरचं गणित अगदी भाबडं असतं, अंतर भागिले ताशी आठशेच्या आसपासचा एखादा वेग, वर अर्धा तास टेकऑफ-लँडिंगचा, झालं उत्तर. ढोबळ अंदाजाला वाईट नाही ते. पण त्यात वारा नसतो, आणि विमानाच्या बाबतीत वारा म्हणजे निम्मी गोष्ट.

विमानाचा वेग हवेच्या तुलनेत मोजतात, जमिनीच्या नाही. मोठी जेट विमानं आवाजाच्या वेगाच्या ७८ ते ८५ टक्के वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या घरात, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किमीच्या आसपास, म्हणजे विमानाचा ८३० ते ९००. याच्या वर जायला गेलं की पंखावरची हवा आवाजाच्या वेगाला टेकते आणि विरोध एकदम वाढतो, इंधन पाण्यासारखं जातं, म्हणून कोणी जात नाही. गंमत म्हणजे १९६० च्या दशकातली जेट विमानंही साधारण याच वेगाने उडायची, साठ वर्षांत फोन कुठल्या कुठे गेला पण प्रवासी विमान तिथेच आहे. आवाजापेक्षा जोरात उडणारं काँकॉर्ड हे प्रवासी विमान गेलं होतं पुढे, १९९६ मध्ये न्यूयॉर्क ते लंडन तीन तासांच्या आत, पण ते २००३ मध्ये बंद झालं.

तर हे ताशी ९०० हवेच्या तुलनेत. एअरपोर्टवर तो सरकता पट्टा असतो ना, बॅगा घेऊन उभं राहिलं की आपोआप पुढे नेणारा? त्यावर तुम्ही नेहमीच्याच चालीने चाला, जमिनीवरून बघणाऱ्याला तुम्ही पळताय असं दिसेल, आणि उलट्या दिशेने चढलात तर पाय तितकेच चालतील पण माणूस जागेवरच. हवा हा तो पट्टा.

हा पट्टा वर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, काही ठिकाणी भयानक जोरात सरकतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. हीच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तिचा वेग ताशी दोनशे-अडीचशेच्या पुढे सहज जातो. हिचा शोध लागण्याची गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानतज्ज्ञ होते, त्यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडसोडून हे वारे मोजले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल चक्क एस्पेरांतो भाषेत छापला, ही कृत्रिम भाषा जगभर चालेल असं त्यांना वाटत होतं. चालली नाही. कोणी वाचलाच नाही तो. मग १९४४ मध्ये अमेरिकन बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून उडायला लागली तेव्हा त्या वाऱ्याने त्यांची अशी दाणादाण उडवली की निशाणं चुकायला लागली, आणि समोरून वारा घेतलेली विमानं जमिनीच्या हिशेबाने रांगत असल्यासारखी व्हायची. माहिती वीस वर्षं कागदावर पडून होती.

आता परत माद्रिद-न्यूयॉर्क घ्या. वारा शून्य धरला तर ५,७७० भागिले ९००, सहा तास पंचवीस मिनिटं. सरासरी ताशी ८० किमी वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग उरला ८२०, वेळ झाली सात तास दोन मिनिटं. तोच वारा परतताना पाठीवर, वेग ९८०, वेळ पाच तास त्रेपन्न मिनिटं. फरक सव्वा तासाच्या आत-बाहेर. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, पायलट बिचारा दोन्हीकडे सारखंच हाणतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं जाताना गेलं ते येताना मिळालं, हिशेब फिट्टंफाट. तसं होत नाही. ताशी २०० चा वारा धरून बघा, जायला आठ तास पंधरा मिनिटं, यायला सव्वापाच तास, बेरीज साडेतेरा. वारा नसता तर पावणेतेराला चार-पाच मिनिटं जास्त, एवढ्यात दोन्ही फेऱ्या झाल्या असत्या. चाळीस मिनिटं गेली कुठे? विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहतं, म्हणून तोटा फायद्यापेक्षा मोठा. वारा शेवटी घेतोच.

२०२० च्या फेब्रुवारीत अटलांटिकवर सिआरा नावाचं वादळ आलं होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, मधे त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३२७ किमीपर्यंत गेला होता. तेव्हा बरेच जण विचारत होते की हा तर आवाजापेक्षा जास्त झाला, आवाजाचा वेग ओलांडला की होतो तो धमाका कसा नाही झाला? पट्टा आठवा. विमान हवेतून नेहमीच्याच वेगाने जात होतं, हवाच धावत होती.

आणि तो पृथ्वी फिरते वगैरेचा मुद्दा. म्हणजे पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, तर विमानाने नुसतं वर थांबावं, खालून शहर आपोआप येईल की. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० किमीने फिरतोय, म्हणजे आयडिया वाईट नाही, पण हवाही बरोबरच फिरते. धावत्या ट्रेनमध्ये उडी मारली तर तुम्ही त्याच जागी पडता, मागच्या डब्यात नाही. मात्र अगदीच संबंध नाही असंही नाही, कारण विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे जाताना पूर्वेला वळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, आणि जेट स्ट्रीम त्यातूनच तयार होते.

बरं, विमान तो ताणलेला दोरा पाळतं का? क्वचित. अटलांटिकवर तर रोज वाऱ्याचा अंदाज बघून समुद्रावरच्या वाटा नव्याने आखतात, आज एक उद्या दुसरी. पूर्वेला जाणाऱ्यांना जेट स्ट्रीममध्ये बसवायचं, पश्चिमेला जाणाऱ्यांना तिला चुकवून न्यायचं. म्हणजे कधीकधी लांबची वाट लवकर पोचवते, आणि त्यात काही चमत्कार नाही. याशिवाय तिबेटचं पठार शक्यतो टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान पटकन तीन-साडेतीन किलोमीटर उंचीवर आणावं लागतं आणि तिथे जमीनच त्याच्या वर असते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात कुठल्या तरी एअरपोर्टवर पोचता आलं पाहिजे असाही नियम आहे, त्यामुळे दक्षिणेकडच्या मोकळ्या समुद्रावरून हवं तसं कापत जाता येत नाही.

पण सगळ्यात मोठा द्राविडी प्राणायाम राजकारणामुळे होतो. हेलसिंकी ते टोकियो अंतर ७,८०० किमीच्या आसपास, सायबेरियावरून सरळ वाट, नऊ-साडेनऊ तासांत विमान पोचायचं. २०२२ मध्ये युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला, एकतर उत्तर ध्रुवावरून नाहीतर खालून वळसा घालून. दोन्ही एअरपोर्ट जागेवरच आहेत, साइटवर अंतर टाकलंत तर आजही तोच आकडा येईल. कॅल्क्युलेटरला बातम्या कळत नाहीत.

शिवाय तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. ती असते ब्लॉक टाइम, म्हणजे इथल्या गेटवरून चाकं हलल्यापासून तिकडच्या गेटवर चाकं थांबेपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, टेकऑफच्या लायनीत उभं राहणं आलं, उतरताना वर घिरट्या घालणं आलं. अॅमस्टरडॅमला एक धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं विमान नुसतं चालतच असतं, खाली हायवेवरच्या गाड्या दिसतात. आपल्या माद्रिद-न्यूयॉर्कच्या हिशेबात वर चढणं-उतरणं, थोडी वाकडी वाट आणि दोन्हीकडचं रांगणं मिळून तासभर घाला, सात तास दोन मिनिटांचे आठ झाले, पाच त्रेपन्नचे सात. जमलं की नाही?

याच्यावर कंपन्या आणखी थोडी सैल वेळ घालतात. अमेरिकेत ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत गेटवर पोचलं तर विमान ऑन टाइम धरतात, मग वेळापत्रकच जरा ऐसपैस ठेवलं की सगळेच वेळेवर. मला ही हुशारी पटत नाही, पण कनेक्शन पकडायचं असेल तेव्हा ती आपल्याच उपयोगाची असते हेही खरं. एकदा आमचं विमान पंचवीस मिनिटं लवकर उतरलं, कॅप्टनने मोठ्या अभिमानाने सांगितलं, लोकांनी पट्टे सोडले, बॅगा काढल्या, आणि मग कळलं की गेटच रिकामं नाही. अर्धा तास आम्ही त्या विमानात माना वाकवून उभे, खिडकीतून टर्मिनल दिसतंय, आत कोणीतरी निवांत कॉफी पितंय.

हा जमिनीवरचा वेळ छोट्या फ्लाइटला जास्त मारतो. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी फ्लाइट आहे, अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा चांगला असताना ५३ सेकंदांत गेल्याचा रेकॉर्ड आहे. दोन मिनिटांच्या हिशेबाने सरासरी वेग आला ताशी ८१ किमी, म्हणजे मोटारसायकल. उलट सिंगापूर-न्यूयॉर्क, साधारण १५,३०० किमी, पावणेएकोणीस तासांच्या आसपास, सरासरी आठशेच्या वर. म्हणून ताशी आठशेचा हिशेब लांबच्या प्रवासाला बराचसा जमतो आणि तास-दीड तासाच्या फ्लाइटला साफ तोंडावर पडतो. तसल्या फ्लाइटला एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर त्याचा वेगच मुळात पाचशेच्या आसपास, ते वेगळंच.

तर खरी वेळ हवी असेल तर कॅल्क्युलेटरपेक्षा त्या फ्लाइटचा नंबर टाकून मागचे आठ-दहा दिवस ती प्रत्यक्षात किती वेळात गेली ते बघा, फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर मिळतं. आणि हिवाळ्याचा प्रवास असेल तर हिवाळ्याचेच आकडे बघा, जूनचे बघून उपयोग नाही.

शेवटचा घोळ घड्याळाचा. तिकिटावर निघायची वेळ इथली असते आणि पोचायची तिथली, लोक दोन्हींची वजाबाकी करतात आणि काहीतरी अचाट उत्तर काढतात. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाने धरलेल्या एका समान वेळेत आणा आणि मग वजाबाकी करा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, होनोलुलू १० तास मागे. टोकियोहून शुक्रवारी रात्री ९ ला निघालात म्हणजे यूटीसी दुपारी १२, सात तास उडालात, यूटीसी संध्याकाळचे ७, त्यातून १० गेले, होनोलुलूत सकाळचे ९. वार? शुक्रवारच. रात्री निघून त्याच दिवशी सकाळी पोचलात.

याहून भारी जोडी आहे सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. मधे जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, छोटं विमान, चाळीसेक मिनिटं. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर ही तारीखच कॅलेंडरमधून काढून टाकली आणि वाररेषेच्या पलीकडे उडी मारली, शेजारी मात्र होता तिथेच राहिला. आता दोघांच्या घड्याळात एकच वेळ असते आणि कॅलेंडरवर एका दिवसाचा फरक. आपियाहून रविवारी दुपारी १२ ला बसा, पागो पागोला उतराल शनिवारी पाऊणच्या सुमाराला. वजाबाकी केली तर फ्लाइट उणे सव्वातेवीस तासांची.